पायरी कोणत्या खात्याची?

मराठी भाषेत पायरीला मोठा मान आहे. पंढरपूरच्या मंदिरात शिरताना प्रथम नामदेवाची पायरी लागते आणि तिथे मान आपोआप लवते. माणसाने आपली पायरी ओळखून वागावे असे आपण म्हणतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असेही बजावतो. परंतु ज्या पायरीशी या देशातील कोट्यवधी माणसांचा रोज संबंध येतो, त्या बसच्या आणि रेल्वेच्या पायरीविषयी भाषेत एखादी म्हण नाही, आणि प्रशासनात तिची स्वतंत्र फाईलही नाही.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे, म्हणून आधी थोडे आकडे पाहू. घराच्या किंवा कार्यालयाच्या जिन्याची पायरी साधारण १५ ते १९ सेंटिमीटर उंच असते. माणसाचा गुडघा तेवढ्यासाठी तयार असतो. आपल्या ब्रॉडगेज रेल्वेच्या डब्याची फरशी रुळाच्या माथ्यापासून सुमारे १३० सेंटिमीटर उंचीवर असते. फलाट तीन प्रकारचे : उंच फलाट ७६ ते ८४ सेंटिमीटरचा, मध्यम फलाट सुमारे साडेपंचेचाळीस सेंटिमीटरचा, आणि खालचा फलाट जवळजवळ रुळाच्याच पातळीवरचा. म्हणजे मोठ्या शहरातील उत्तम फलाटावरूनदेखील डब्यात शिरताना जवळपास अर्धा मीटर चढावे लागते. मध्ये एक अरुंद पायदान असते एवढेच. खालच्या फलाटावर तर जे चढावे लागते त्याला पायरी म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे. ती उभी शिडी आहे. शहरी बसचीही कथा अशीच. जुन्या धर्तीच्या बसची फरशी ९० सेंटिमीटर किंवा त्याहून उंच, अर्ध-निम्नतल बसची ६५ आणि निम्नतल, म्हणजे लो-फ्लोअर बसची ४०. हे सर्व आकडे सरकारी मानकांत व्यवस्थित नोंदलेले आहेत. गुडघ्याच्या बाजूने ते कोणी वाचत नाही, इतकेच.

मी ते वाचू लागले ते आईमुळे. आम्ही महाराष्ट्राबाहेर नोकरी करणारी माणसे. बदली होईल तिथे संसार मांडणारी. आमच्या घराला घरपण येते ते वर्षातून एकदा गावाकडून आईवडील येऊन महिना-दीड महिना राहतात तेव्हा. आई वयाच्या बासष्टीपर्यंत एकटी यायची. पुढे तिचे प्रश्न हळूहळू बदलत गेले. आधी ती विचारायची, गाडी किती वाजता पोचते? मग विचारू लागली, गाडी तिथूनच सुटते का? कारण जी गाडी तिथूनच सुटते ती अर्धा तास आधी फलाटाला लागलेली असते, आणि सावकाश चढता येते. मधल्या स्थानकावर दोन मिनिटांचा थांबा असेल तर ती गाडीच तिच्यासाठी बाद. मग प्रश्न आला, आपला डबा फलाटावरच येतो की फलाट संपल्यावर, खडीत? पुढे पुढे सामानात एक प्लॅस्टिकचे ठेंगणे स्टूल येऊ लागले. असे स्टूल घेऊन प्रवास करणारी कितीतरी कुटुंबे मी उत्तरेत आणि दक्षिणेतही पाहिली आहेत. आणि मग एका वर्षी आई म्हणाली, "आता तुम्हीच येत जा गं. मला आता घर सोडवत नाही."

तिला घर सोडवत नव्हते असे नव्हते. तिला डबा चढवत नव्हता. परंतु तिने तसे म्हटले नाही, कारण आपल्याकडे म्हातारपणाची प्रत्येक अडचण माणूस स्वतःच्या शरीराच्या नावावर जमा करतो. फलाट ठेंगणा आहे असे कोणी म्हणत नाही. माझे गुडघे गेले असे म्हणतो. तिने कधी तक्रार नोंदवली नाही. ती फक्त प्रवाशांच्या संख्येतून वजा झाली, आणि ती वजाबाकी कुठल्याही रजिस्टरात दिसत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथे थांबणे भाग आहे. मागणी मोजायची तर आपण तिकिटे मोजतो. प्रवाशांचे मत घ्यायचे तर गाडीत बसलेल्यांना विचारतो. गाडीत बसलेला माणूस म्हणजे ज्याला चढता आले तो माणूस. पायरीमुळे जो मागे राहिला तो ना तिकीटविक्रीत आहे, ना सर्वेक्षणात, ना तक्रारवहीत. मग पायरीबद्दल कोणाचीच तक्रार नाही असा निष्कर्ष निघतो, आणि तो कागदोपत्री अगदी खरा असतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेली माणसे १० कोटींहून अधिक होती आणि अपंग म्हणून नोंदलेली २ कोटी ६८ लाख. आज पहिला आकडा बराच पुढे गेला असणार. यांपैकी किती जण पायरी पाहून घरी बसले, याचा रकाना त्या जनगणनेत नव्हता.

हा दोष कोणा एकाच्या निष्काळजीपणाचा असता तर सोपे होते. मला वाटते, दोष सीमारेषेचा आहे. फलाट हे स्थापत्य अभियांत्रिकीचे काम, डबा हे यांत्रिक विभागाचे. फलाट मानकाप्रमाणे बांधला जातो, डबाही मानकाप्रमाणे बनतो. दोन्ही फायली निर्दोष असतात. उरतो तो मधला अवकाश, आणि त्याची फाईल नसते. बसच्या बाबतीत तर तीन-चार मालक. बस परिवहन उपक्रमाची, थांबा महापालिकेचा, रस्ता बांधकाम विभागाचा आणि थांब्यासमोर उभ्या राहणाऱ्या रिक्षा पोलिसांच्या अखत्यारीतल्या. लो-फ्लोअर बस घेतली, पण ती पदपथापासून दीड मीटर दूर, रस्त्याच्या मध्यात उभी राहिली, तर प्रवाशाला आधी पदपथावरून खाली उतरायचे आणि मग पुन्हा बसमध्ये चढायचे. खर्च केलेली प्रत्येक सेंटिमीटर तिथे वाया जाते. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या सुमारास अशा बस मोठ्या संख्येने आल्या. दाराशी उलगडता येणारी फळीही त्यांत होती. परंतु थांबे आणि बस एकाच नकाशावर कोणी काढले नव्हते, त्यामुळे या सोयीचा पुरता लाभ सर्वत्र मिळू शकला नाही.

उलट जिथे दोन्ही बाजूंचा मालक एक असतो तिथे हा प्रश्न उद्भवतच नाही. २००२ मध्ये सुरू झालेल्या दिल्ली मेट्रोत फलाट आणि डबा एकाच संस्थेने एकमेकांना जुळवून आखले. म्हणून चाकाची बॅग ओढत, काठी टेकत, कडेवर मूल घेऊन माणूस समतल पावलाने आत जातो. अहमदाबादच्या जनमार्ग बससेवेत, जी २००९ मध्ये सुरू झाली, बसची फरशी उंचच ठेवली. पण थांब्याचा चौथराही तेवढाच उंच बांधला. पायरी काढून टाकण्याचे हे दोन मार्ग : जमीन वर आणा किंवा वाहन खाली आणा. दोन्हींत दोघांनी आधी एकत्र बसावे लागते, आणि प्रशासनात हीच सर्वांत महाग वस्तू आहे.

मग जिथे हे शक्य नाही तिथे काय? आपले रेल्वेमार्ग मिश्र वाहतुकीचे. ज्या रुळांवरून प्रवासी गाडी जाते त्यांवरूनच मालगाड्या जातात, कधी ठरीव मापाबाहेरचे अवजड सामानही जाते. म्हणून वाहनाने किती जागा व्यापावी आणि फलाटाची कड रुळापासून किती दूर असावी, याची मापे बांधलेली आहेत. गाडी धावताना डुलते, वळणावर कलते. तेव्हा फट ठेवणे हा हलगर्जीपणा नसून सुरक्षिततेचाच भाग आहे. अडचण अशी की धावत्या गाडीला जी फट हवी, तीच उभ्या गाडीला नको. या विरोधावरचे उत्तर म्हणजे सरकती पायरी : गाडी थांबली, दार उघडले की बाहेर येणारी, आणि निघण्यापूर्वी आत जाणारी. ती धावताना जागा व्यापत नाही आणि थांबल्यावर फट राहू देत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये नवी दिल्ली ते वाराणसी धावू लागलेल्या पहिल्या वंदे भारत गाडीत, जी चेन्नईच्या कारखान्यात तयार झाली होती, स्वयंचलित दारांबरोबर अशी पायरी दिली गेली. त्यापूर्वी आपल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत ती सर्रास नव्हती. मात्र तिची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. ती आडवी फट भरते, उभा चढ नाहीसा करत नाही. फलाट खालचा असेल तर तिच्या खालची शिडी तशीच राहते.

रस्त्यावरच्या वाहनांतही हीच युक्ती आहे. मोठ्या प्रवासी व्हॅनला आणि उंच मोटारींना दार उघडताच खाली येणारी पायरी बसवता येते. काही बस थांब्यावर हवेचा दाब सोडून दाराच्या बाजूला किंचित झुकतात, उंटासारख्या. आमच्या पिढीतल्या अधिकाऱ्यांनी सरकारी पांढऱ्या अँबॅसडरमध्ये निम्मे आयुष्य काढले. २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिच्यात अनेक दोष होते, पण म्हातारा माणूस तिच्यात खुर्चीत बसावा तसा बसत असे. आता सरकारी ताफ्यांत आणि घरांच्या दारांतही उंच गाड्या आल्या आहेत. साडी नेसून दौऱ्याच्या जीपमध्ये चढण्याचा सराव मला नोकरीने दिला; सर्वांना तो मिळत नाही, आणि सत्तराव्या वर्षी तो कोणी सुरूही करू शकत नाही.

या फटीची किंमत कधी कधी फार भयंकर असते. जानेवारी २०१४ मध्ये मुंबईत घाटकोपर स्थानकावर लोकलमध्ये चढताना एक विद्यार्थिनी गाडी आणि फलाट यांच्यामधल्या पोकळीत पडली आणि तिने दोन्ही हात गमावले. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नात लक्ष घातले आणि उपनगरी फलाट सुमारे ९० सेंटिमीटरपर्यंत उंच करण्याचे काम वेगाने हाती घेतले गेले. याचा अर्थ ते काम अशक्य नव्हते. मिश्र वाहतुकीची अडचण कमी असलेल्या मार्गांवर ते शक्य होते. हलवणारा हात तेवढा हवा होता.

कायद्यानेही या जागेची दखल घेतली आहे, पण मागाहून. रेल्वे अधिनियमात १९९४ मध्ये जोडलेल्या कलमानुसार गाडीतून अपघाताने पडलेल्या प्रवाशाला, रेल्वेची चूक सिद्ध न करताही, भरपाई मिळते. चढताना पडणे हेही यातच येते असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले, आणि चढता-उतरतानाची प्रवाशाची साधी बेसावधता हे भरपाई नाकारण्याचे कारण होत नाही असे २०१८ मध्ये स्पष्ट केले. मृत्यूसाठीची ही रक्कम १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख रुपये आहे. मानवी दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु हिशेबाच्या दृष्टीने पाहा. पायरीचा खर्च भांडवली तरतुदीतून एका विभागाने करायचा. पडलेल्याची भरपाई वेगळ्या शीर्षाखाली, वेगळ्या वर्षी, वेगळ्या हाताने द्यायची. आणि रुग्णालयाचा उरलेला खर्च घरच्यांच्या खिशातून जायचा. पायरीवर पैसे वाचवणाऱ्याला ती बचत महाग पडली हे कधी कळतच नाही.

सवलतींच्या योजनांतही हीच विसंगती आहे. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे तिकीट. दिल्लीने २०१९ मध्ये आणि कर्नाटकाने २०२३ मध्ये बसप्रवास स्त्रियांना विनामूल्य केला. मी या योजनांच्या विरोधात नाही. एखाद्या स्त्रीच्या हातात दवाखान्यापर्यंत जाण्याची मोकळीक येते, तिचे मोल तिकिटाहून मोठे आहे. पण प्रवासाची किंमत म्हणजे केवळ तिकीट नव्हे. वाट पाहण्याचा वेळ, गर्दीतील धक्के, चढताना कोणाच्या तरी हाताची करावी लागणारी याचना, हीही किंमतच. पंचाहत्तरीच्या वृद्धेला तिकीट शून्य केले आणि पहिली पायरी तिच्या गुडघ्याएवढी ठेवली, तर तिच्याकडून आपण भाडे घेतच आहोत. फक्त ते तिजोरीत जमा होत नाही.

काही वर्षांपूर्वी एका परिवहन उपक्रमाच्या वाहन-खरेदी समितीवर मी वित्त प्रतिनिधी म्हणून होते. दाराशी खाली येणारी मिटती पायरी असावी, असा मुद्दा मी मांडला. एक अनुभवी सदस्य अतिशय सौजन्याने म्हणाले, "मॅडम, इतक्या वर्षांत पायरीबद्दल एकही तक्रार आलेली नाही." मी त्यांना विचारले की ज्यांनी बसने येणेच सोडले ते तक्रार द्यायला कशाने आले असते? समितीत हशा पिकला, आणि पायरी निविदेत आली. मात्र तिच्या देखभालीचे कलम, मी आग्रह धरूनही, खर्च वाढतो म्हणून वगळले गेले. दीड वर्षाने त्याच बस मी पाहिल्या. चिखल आणि गंज यांनी अनेक पायऱ्या अडकल्या होत्या. काही तारेने वर बांधून टाकल्या होत्या, म्हणजे निदान त्या रस्त्याला घासू नयेत. चालकांना दोष द्यावा असे मला वाटले नाही. ज्या वस्तूच्या दुरुस्तीला पैसा नाही आणि जी मोडली तर बस डेपोत अडकते, ती तारेने बांधणे हा त्यांच्या जागेवरून पाहिला तर शहाणपणाचाच निर्णय होता.

म्हणून या विषयात नव्या यंत्राइतकीच साध्या कलमांची गरज आहे. पायरीची उंची मोजायची ती रिकाम्या वाहनात, नव्या टायरवर, सपाट जमिनीवरून. कारण भरलेली बस खाली बसते आणि कागदावरची उंची कमी दिसते. पायरी पूर्ण आत गेल्याची खूण मिळाल्याशिवाय वाहन हलू नये, आणि यंत्र बिघडले तर ती हाताने आत-बाहेर करता यावी. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तिची तपासणी व्हावी. पायरी बंद असलेले वाहन हे दिवा बंद असलेल्या वाहनाप्रमाणेच सदोष मानावे. आणि तिच्या देखभालीची किंमत वाहनाच्या किमतीतच धरून निविदांची तुलना व्हावी, नाहीतर सर्वांत स्वस्त निविदा ही नेहमी सर्वांत उंच पायरीची असेल.

याला पैसे कुठून आणायचे, असा प्रश्न वित्त विभागातील कोणीही विचारील, मीही विचारते. त्याचे एक उत्तर वेळेत आहे. समजा, एका फेरीत ८० माणसे चढतात आणि ठेंगणी पायरी असल्याने प्रत्येकामागे दीड सेकंद वाचतो. एका फेरीत दोन मिनिटे झाली. दिवसाच्या बारा फेऱ्यांत चोवीस मिनिटे. तेवढ्यात त्याच बसची, त्याच चालक-वाहकाची आणखी एखादी छोटी फेरी बसते. वृद्धांसाठी केलेली पायरी तरुणांचाही वेळ वाचवते. ती दयेच्या नव्हे, तर उत्पादकतेच्या शीर्षाखाली मांडता येते. फाईल पुढे सरकण्यासाठी कधी कधी शीर्ष बदलावे लागते.

कायद्याची बाजू आता पूर्वीइतकी दुबळी नाही. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात वाहतुकीतील सुगमतेचा उल्लेख होता, पण आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. २०१६ च्या कायद्याने ती अधिक ठामपणे मांडली. आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सुगमतेची मानके केवळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत. किमान काही नियम सक्तीचे असलेच पाहिजेत. कोर्टाची पायरी कोणी तरी चढले म्हणून बसची पायरी खाली येण्याची शक्यता निर्माण झाली, हे आपल्या म्हणीला न शोभणारे पण खरे आहे. तरीही एक अपुरेपण उरते. दिल्लीत २०१९ मध्ये ९० सेंटिमीटर उंचीच्या बस हायड्रॉलिक लिफ्ट लावून आल्या. चाकाच्या खुर्चीसाठी ती लिफ्ट आवश्यकच. पण ज्याचे गुडघे दुखतात, ज्याचे नुकतेच ऑपरेशन झाले, जी सातव्या महिन्यात आहे, तो माणूस लिफ्ट मागत नाही. त्याच्याकडे प्रमाणपत्र नाही. तो दांडा धरतो आणि चढतो, किंवा घरी राहतो.

माझी सूचना लहान आहे. प्रत्येक स्थानकाच्या आणि प्रत्येक बसमार्गाच्या बाबतीत वाहन आणि जमीन यांमधली उभी व आडवी फट मोजून वर्षातून एकदा जाहीर करावी, आणि त्या आकड्याखाली एका अधिकाऱ्याचे पदनाम असावे. स्थापत्य किंवा यांत्रिक, महापालिका किंवा परिवहन, कोणीही चालेल, पण एकच. आपल्या व्यवस्थेत ज्या गोष्टीला पदनाम मिळते तिला तरतूद मिळते, आणि जिला तरतूद मिळते तिची दुरुस्ती होते. फूटपट्टी घेऊन हे मोजायला एका कनिष्ठ अभियंत्याचा एक दिवस पुरेल. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरी यंदा दिवाळीला आईवडील येतील की नाही, हे पुष्कळदा त्या फूटपट्टीवरच्या आकड्यावर ठरलेले असते.